ब्राझिलिया: ज्यांनी राजधानी बांधली, त्यांनाच तिच्यात घर नव्हतं

ब्राझीलची राजधानी कोणती, असं विचारलं की अनेक जण पटकन 'रिओ' म्हणतात. उत्तर चुकतं, पण ते अगदीच निराधार नाही. १७६३ पासून जवळजवळ दोनशे वर्षं रिओ दि जानेरोच राजधानी होतं. २१ एप्रिल १९६० रोजी हा मान ब्राझिलियाकडे गेला. चार वर्षांपूर्वी तिथे फक्त माळरान होतं!

राजधानी हलवायची गरज काय होती?

ब्राझीलची बहुतेक मोठी शहरं समुद्रकिनाऱ्यालगत होती, आतला प्रचंड प्रदेश मागे पडला होता. राजधानी देशाच्या मध्यभागी न्यायची, ही तरतूद १८९१ च्या राज्यघटनेतच होती. ती अनेक दशकं कागदावर राहिली. १९५६ मध्ये ज्युसेलिनो कुबिचेक राष्ट्राध्यक्ष झाले. '५ वर्षांत ५० वर्षांची प्रगती' ही त्यांची घोषणा होती. आपल्याच कार्यकाळात राजधानी उभी करायची असं त्यांनी ठरवलं आणि रिओपासून सुमारे ९०० किलोमीटर आत काम सुरू झालं.

विमानाच्या आकाराचं शहर

शहराच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली. १९५७ मध्ये ती जिंकली लुसिओ कोस्ता यांनी. त्यांनी हाताने काढलेली काही रेखाटनं आणि एक टिपण दिलं होतं. मूळ कल्पना साधी होती: एकमेकांना छेदणारे दोन अक्ष. त्यातला एक वाकवल्यामुळे नकाशा विमानासारखा दिसतो. मधल्या सरळ भागात सरकारी इमारती, दोन्ही पंखांत घरं. या वस्त्यांची नावंही 'दक्षिण पंख' आणि 'उत्तर पंख' अशीच आहेत.

पंखांमध्ये 'सुपरक्वाद्रा' नावाचे निवासी चौक आहेत. त्यांत इमारती जास्तीत जास्त ६ मजल्यांच्या, खांबांवर उचललेल्या. आपल्याकडच्या स्टिल्ट पार्किंगसारख्याच, फक्त खालची जागा गाड्यांसाठी नाही, माणसांना मोकळेपणी ये-जा करण्यासाठी. शाळा, दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर. मोठ्या रस्त्यांवर मात्र सगळा विचार मोटारीचा. पंखांमधून जाणारा मुख्य रस्ता पायी ओलांडणं आजही धोक्याचं आहे. रविवारी तो गाड्यांसाठी बंद ठेवतात, तेव्हा लोक तिथे चालायला आणि सायकली घेऊन येतात.

काँक्रीटला वळण देणारा आर्किटेक्ट

प्रमुख इमारती ऑस्कर नीमायर यांच्या. संसदेचे २८ मजली जुळे मनोरे, शेजारी सिनेटचा घुमट आणि कनिष्ठ सभागृहावर उलट्या वाडग्यासारखी नव्हे, तर सुलट ठेवलेल्या वाडग्यासारखी रचना. इथलं कॅथेड्रल १६ वक्र खांबांवर उभं आहे. अंधाऱ्या भुयारी वाटेने आत शिरलं की एकदम काचेतून उजेड अंगावर येतो. १९८७ मध्ये युनेस्कोने ब्राझिलियाला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा शहर तीस वर्षांचंही नव्हतं.

बांधणारे कुठे राहिले?

खरी गोष्ट इथे सुरू होते. हजारो मजूर देशभरातून आले, विशेषतः दुष्काळी ईशान्य भागातून. त्यांना 'कांदांगो' म्हणत. आराखडा होता सुमारे ५ लाख लोकांचा आणि मुख्यतः सरकारी नोकरांचा. काम संपलं की मजूर परत जातील, असा हिशेब होता. ते गेले नाहीत.

मजूर आणि दुकानदारांची 'सिदादे लिव्र' ही लाकडी वस्ती उद्घाटनानंतर पाडायची होती. रहिवासी अडून बसले आणि १९६१ मध्ये ती कायम झाली. 'तागुआतिंगा' हे उपनगर तर १९५८ मध्ये, म्हणजे राजधानीच्या उद्घाटनाआधीच वसवावं लागलं. १९७१ मध्ये सुमारे ८० हजार झोपडीवासीयांना शहरापासून दूर हलवलं गेलं. त्या नव्या वस्तीचं नाव 'सेइलांदिया'. यातली 'सेइ' ही अक्षरं अतिक्रमण निर्मूलन मोहिमेच्या पोर्तुगीज नावाची आद्याक्षरं आहेत. म्हणजे हटवल्याची नोंद गावाच्या नावातच राहिली.

आज काय स्थिती आहे?

२०२२ च्या जनगणनेनुसार ब्राझिलियाच्या संघीय जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २८ लाख आहे. त्यातले अगदी थोडे लोक मूळ आराखड्याच्या भागात राहतात. नोकऱ्या मात्र तिथेच एकवटल्या आहेत, म्हणून रोज लाखो लोक बस आणि मेट्रोने आत येतात आणि संध्याकाळी परततात. सेइलांदियाच्या कडेला वाढलेली 'सोल नासेन्ते' ही सुमारे ७० हजार लोकांची वस्ती देशातल्या सर्वांत मोठ्या झोपडवस्त्यांपैकी एक आहे.

त्याच काळात आपल्याकडे चंदीगड उभं राहत होतं. तेही ५ लाखांसाठी आखलेलं होतं, २०११ मध्ये तिथली लोकसंख्या १० लाखांवर गेली.

ब्राझिलियाचा आराखडा फसला, असं म्हणता येत नाही. पंखांमधली घरं, झाडं, मोकळी जागा आजही हेवा वाटावा अशीच आहे. पण ती टिकली, कारण वाढीचा सगळा भार बाहेरच्या वस्त्यांनी उचलला. नवं शहर आखताना मंत्रालयं कुठे हे आधी ठरतं. विटा वाहणारा माणूस रात्री कुठे झोपेल, हेही त्याच नकाशात असावं लागतं.