'आढळले नाही' म्हणजे 'नव्हते' का?

"व्हिसेरा राखून ठेवला आहे." हे वाक्य तुम्ही बातम्यांत शंभरदा वाचलं असेल. पुढे त्या व्हिसेराचं काय होतं? जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात, बरण्यांमध्ये ठेवतात. फॉर्मालिन चालत नाही, कारण त्यात ऊती घट्ट होतात आणि विष बाहेर काढणं अवघड जातं. मग बरण्या सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातात.

अवयवातून विष वेगळं काढायचं कसं, हा प्रश्न जुना आहे. 1836 मध्ये जेम्स मार्श यांनी आर्सेनिकची चाचणी दिली. पण आर्सेनिक देह कुजला तरी उरतं. वनस्पतिजन्य विषं तशी हाती लागत नव्हती. 1850 साली बेल्जियममध्ये बोकार्मे नावाच्या सरदाराने मेव्हण्याला निकोटीन पाजून मारलं. रसायनतज्ज्ञ झां स्तास यांनी आम्लयुक्त अल्कोहोल आणि ईथर वापरून मृताच्या अवयवांतून ते वेगळं काढलं. तंबाखूचा काढा शेतात कीड मारायलाही वापरत, म्हणजे ही एका परीने कीटकनाशकाचीच केस! (माझ्या गाइडना हे जरा ओढूनताणून वाटतं.)

खरी अडचण आली ती सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांनी. गेर्हार्ड श्राडर यांनी 1944 मध्ये पॅराथिऑन बनवलं. यकृतात त्याचं पॅराऑक्सॉन होतं आणि ते कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, स्नायू फडफडतात. पुढे ते तुटतं आणि लघवीत पॅरानायट्रोफिनॉल सापडतं. म्हणजे मूळ विष शोधत बसलात तर फसाल. त्याने मागे काय सोडलं, तेही शोधावं लागतं.

1958 मध्ये केरळात हेच पॅराथिऑन, फॉलिडॉल या नावाचं, जहाजातून खाद्यमालासोबत आलं. ते गळून मालात मुरलं. तो माल खाऊन 100 हून जास्त माणसं गेली. इथे एकट्या व्हिसेराने भागणारं नव्हतं. खाल्लेलं पीठ, पोती, जहाजातला माल, सगळ्याचा माग जोडावा लागणार होता. न्या. जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग नेमला गेला. कीटकनाशक कायदा मात्र आला 1968 मध्ये. दहा वर्षं!

आता आपल्याकडे या. 2017 च्या हंगामात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर दगावले. फवारणीतलं विष पोटातून नाही, कातडीतून आणि श्वासातून जातं. जठराच्या बरणीत काय सापडणार? शिवाय रुग्ण आठ-दहा दिवस वॉर्डात राहिला, तर शरीराने तोवर बरंचसं विष तोडून टाकलेलं असतं. अशा वेळी अहवालात "विष आढळले नाही" असं येऊ शकतं, आणि ते एक वाक्य घरच्यांच्या नुकसानभरपाईच्या आड येऊ शकतं. त्या अहवालाचा अर्थ एवढाच, की दिलेल्या नमुन्यात, वापरलेल्या पद्धतीने, सापडलं नाही. अशा केसमध्ये पहिल्या दिवशीच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज कितीतरी जास्त बोलतं, पण ते रक्त जिवंतपणी, वेळेत काढलेलं हवं.

जुन्या फायली घेऊन बसाल तेव्हा निष्कर्षाचा रकाना शेवटी वाचा. आधी बघा: दाखल कधी झाला, गेला कधी, आणि रक्त कोणत्या दिवशी घेतलं.