पाबळची मस्तानी, सिनेमातली मस्तानी

मागच्या महिन्यात शिरूर आणि दौंडच्या बचत गटांची एकत्र बैठक होती. हप्ते, हिशोब उरकले आणि रात्री आम्ही सगळ्याजणींनी मिळून ‘बाजीराव मस्तानी’ हा सिनेमा पाहिला. संजय लीला भन्साळींचा, २०१५ साली आलेला. पाबळकडच्या बायका तर सरसावून बसल्या होत्या, आता आपलं गाव दिसणार म्हणून. सिनेमा संपला, पण आमचं पाबळ काही पडद्यावर आलं नाही. दौंडच्या एका ताईंनी विचारलं, “पाबळचा आणि मस्तानीचा काय संबंध?” आजचं बोलणं त्यावरच.

१७२९ साली बुंदेलखंडच्या छत्रसाल राजाला मुहम्मद खान बंगशाने घेरलं होतं. बाजीराव पेशवे त्याच्या मदतीला धावले. मस्तानी ही त्या छत्रसालाची मुलगी. ती बाजीरावांबरोबर पुण्याला आली, पण पेशव्यांच्या घराने तिला आपलं मानलं नाही. तिच्या मुलाची मुंजही होऊ दिली नाही. पुढे तो समशेर बहादूर म्हणून वाढला.

बाजीरावांनी मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं इनाम दिली होती. पाबळ, केंदूर आपल्या शिरूर तालुक्यातली. म्हणजे जिला घरात जागा नव्हती, तिच्या नावावर जमीन होती. सिनेमाने नाच दाखवला, आरशांचा महाल दाखवला, शेवटी साखळदंडही दाखवले. हे इनाम मात्र आमच्या कुणाच्या लक्षात राहील असं दाखवलं नाही.

बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवलं, हे खरं आहे. २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. मस्तानीही त्याच सुमारास गेली. ती कशी गेली, याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. तिला माती मिळाली ती पाबळला. कुणी तिथे समाधी म्हणतं, कुणी कबर, कुणी मजार. दोन्ही धर्मांची माणसं तिथे हात जोडतात.

आता त्या पिंग्याचं. सिनेमात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात. पेशव्यांच्या वंशजांनी तेव्हा त्यावर आक्षेप घेतला होता. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “अगं, मंगळागौरीला आम्ही असा पिंगा कधी घातला? ही तर लावणी झाली!” खूप हसलो. पण आम्हाला खटकलं ते वेगळंच. त्या दोघींचं खरं नातं सिनेमाच्या शेवटानंतर सुरू होतं. आईबाप दोघंही गेल्यावर सहा वर्षांच्या समशेरला काशीबाईंनी सांभाळलं. सवतीचं पोर! हाच समशेर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी गेला.

काशीबाईंचं माहेर चासचं, शेजारच्या खेड तालुक्यातलं. तिथलं सोमेश्वराचं मंदिर त्यांनीच बांधलं. चासवरून वाहणारी भीमा पुढे दौंडला येते, तेव्हा दौंडच्या ताईंनो, तुमचाही या गोष्टीशी संबंध आहेच.

सिनेमा करमणुकीसाठी असतो, हे आम्हाला कळतं. पण एवढा पैसा ओतून बायकांची गोष्ट सांगायची, आणि त्यात दोघींना एका पुरुषासाठी झुरायलाच लावायचं, याचं वाईट वाटलं. एकीची जमीन आणि दुसरीची माया, दोन्ही बाहेरच राहिली.

त्या रात्री आम्ही विचारलं, सातबाऱ्यावर कुणाकुणाचं नाव आहे? बोटांवर मोजण्याइतके हात वर आले. मस्तानीच्या नावावर पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी गाव होतं, आणि आपण रोज ज्या रानात राबतो त्याच्या कागदावर आपण नाही! नवऱ्याची संमती असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेतून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडे अर्ज करायचा. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत लेकीलाही लेकाइतकाच हक्क आहे.

तेव्हा पुढची बैठक पाबळला. मस्तानीला दोन फुलं वाहू. येताना पासबुकाबरोबर घरचा सातबाराही आणा. एकत्र बसून वाचू.