गारपीट : पट्ट्यात येणारे संकट

लोणारचे नाव निघाले, की आकाशातून कोसळलेल्या अशनीची आठवण होते. त्या विवराच्या परिसरातील शेतकरी मात्र माघ-फाल्गुनात आकाशाकडे पाहतो तो गारांच्या धास्तीने. हरभरा सोंगणीला आलेला, गहू ओंबीत, बियाण्याचा कांदा फुलोऱ्यावर. नेमक्या याच दिवसांत विदर्भ व मराठवाड्यावर वादळी ढग जमतात.

या काळात बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे मध्य भारतावर एकत्र येतात. वरच्या थरांत पश्चिमेकडील कोरडी, थंड हवा वाहत असते आणि खाली काळी जमीन दुपारपर्यंत तापते. तापलेली दमट हवा वेगाने वर चढून ऐरणीच्या आकाराचा प्रचंड मेघ उभा करते. त्यात शून्य अंशाखाली जाऊनही न गोठलेले जलबिंदू हिमकणांवर थिजत राहतात. गार झटपट गोठली तर हवेचे बुडबुडे अडकून थर पांढरा होतो, सावकाश गोठली तर पारदर्शक. म्हणून कापलेली गार कांद्यासारखी दिसते. वर जाणाऱ्या झोताला तिचे वजन पेलेनासे झाले, की ती खाली येते. पावसाळ्यात हिमरेषा पाच किलोमीटरांहून उंच असते. तेव्हा बहुतेक गारा वाटेतच विरघळतात.

टोर्नेडो महाराष्ट्रात विरळाच. येथे झाडे व पत्रे उडतात ते बहुधा मेघातून खाली आदळून चोहोबाजूंना पसरणाऱ्या थंड वाऱ्यामुळे. उन्हाळ्यातील साध्या वावटळीशी त्याचा संबंध नाही.

२०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातील २८ जिल्ह्यांना गारपिटीने झोडपले. राज्य सरकारने ४,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली; कोरडवाहू पिकांना हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीला १५,००० आणि फळबागांना २५,००० असे दर होते. पुढे ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, रविवारी, बुलडाणा व त्याला लागून असलेल्या जालना, वाशीम या जिल्ह्यांसह ११ जिल्ह्यांत गारांचा मारा झाला. प्राथमिक अंदाजानुसार सुमारे सव्वा लाख हेक्टरवरील पिके बाधित झाली. त्या वेळच्या आपत्ती निकषांत ३३ टक्के नुकसानीची अट होती. कोरडवाहूसाठी ६,८००, बागायतीसाठी १३,५०० व बहुवार्षिक पिकांसाठी १८,००० रुपये हेक्टरी, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. सिंदखेडराजा-देऊळगावराजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकवणाऱ्याचा खर्च या आकड्यांत कोठेच बसत नाही.

गारपिटीचा स्वभाव पट्ट्याचा असतो. एका शिवारात हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे मातीत मिसळतात आणि ओढ्यापलीकडचे रान जसेच्या तसे राहते. तिला पकडणारी साधने मात्र मोठ्या मापाची. नागपूरचे डॉप्लर रडार लोणारपासून हवाई अंतराने सुमारे २९० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याचा सर्वांत खालचा किरणही येथे पोहोचेपर्यंत सात किलोमीटरांहून उंच गेलेला असतो. मेघाचा माथा त्याला दिसू शकतो, पोटात काय चालले आहे ते दिसत नाही.

विम्याचेही असेच आहे. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती मानली गेली. शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना दिली, की त्याच्या शेताचा स्वतंत्र पंचनामा होई. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून हे अतिरिक्त संरक्षण वगळले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनाशी जोडली. मंडळात अनेक गावे येतात. गारा दोनच गावांवर पडल्या आणि उरलेल्यांत पीक चांगले आले, तर सरासरी फारशी खाली येत नाही आणि ज्याचे शेत झोडपले गेले त्याच्या हाती विम्याचे काही लागत नाही.