बंद गिरणी आणि ‘बदली’ हा शब्द

इंदूरचा गिरणी-इतिहास होळकर संस्थानापासून सुरू होतो. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत (१८४४–१८८६) संस्थानाने स्वतःची कापड गिरणी उभारली. पुढे खासगी भांडवल आले. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्या निघाल्या आणि त्यांच्या आसऱ्याने कामगारवस्त्या वाढल्या.

त्यांपैकी सर सेठ हुकुमचंद यांची गिरणी १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. ५,८९५ कामगारांची देणी थकली. सुमारे ४२ एकरांच्या त्या आवारात कालांतराने इतकी दाट झाडी माजली की पुढे ती वाचवण्यासाठी नागरिकांना आंदोलन करावे लागले. ओसाड जागेवर रान वाढायला जेवढा काळ लागतो, तेवढा काळ कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते.

कायदा त्यांच्या बाजूने नव्हता असे नाही. कंपनी अवसायनात काढताना कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच मान्य केले होते. १९८५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कलम ५२९-अ आले आणि कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीला बसली. तरीही सुमारे २२४ कोटी रुपयांच्या देण्यांचा धनादेश निघायला २५ डिसेंबर २०२३ उजाडले. तोवर अनेक कामगार निवर्तले होते. त्यांच्या जागी वारस उभे राहिले.

अशा दाव्यांत जमिनीची किंमत ठरवता येते. माणसाचा हक्क मात्र हजेरीपट, पगारपत्रक आणि त्यांतील शब्दांवर ठरतो. गिरणीच्या मराठीत ‘खाते’ म्हणजे बँकेतले नव्हे, तर कामाचा विभाग. ‘साचा’ म्हणजे माग. ‘बदली’ म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी नेमणूक नव्हे, तर गैरहजर कामगाराच्या जागी उभा केलेला माणूस. हा शेवटचा शब्द तर औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-सी मध्ये जसाच्या तसा दाखल झाला. इंग्रजी मसुदाकारांनाही त्याला पर्याय शोधावासा वाटला नाही. त्याच कलमाने असेही म्हटले की, सलग एक वर्ष सेवा झाली की तो माणूस या तरतुदीपुरता ‘बदली’ राहत नाही. एका शब्दाच्या अर्थावर ले-ऑफची भरपाई मिळणार की नाही, हे ठरत होते.

आज हजेरीपटावरील ‘बदली’ ही नोंद वाचणाऱ्या नातवाला आजोबांची कोठेतरी बदली झाली असे वाटेल. नेमका येथे भाषेचा प्रश्न हक्काचा होतो. सीमाभागात आपण सातबारा, शाळेचे दाखले, मोडी कागद जपतो, कारण दावा लांबला की साक्षीदार संपतात आणि कागदच बोलतो. परंतु तो कागद वाचता येईल अशी भाषाही शिल्लक राहिली पाहिजे.

म्हणून इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी घरांना एक विनंती: गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची पावती रद्दीत टाकू नका. घरात गिरणीत राबलेले कोणी असेल, तर त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्याकडून विचारून समासात लिहून ठेवा.