शिकागोच्या जुन्या वास्तू

आपल्यापैकी पुष्कळांना शिकागो ठाऊक आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी ज्या इमारतीत सर्वधर्मपरिषद सुरू झाली, ती मिशिगन सरोवरानजीक आजही उभी आहे. आर्ट इन्स्टिट्यूट हे विख्यात कलासंग्रहालय तेथे नांदते. परंतु एवढ्यावरून हे शहर जुन्याचे मोठे भोक्ते असेल असे मात्र समजू नये. पाडावे आणि त्याहून उंच बांधावे, हाच त्याचा स्वभाव. मग अशा शहरात काही वास्तू तगल्या, काही गेल्या, हे कशामुळे?

पहिली वास्तू दैवाने वाचली. ऑक्टोबर १८७१ मधील आगीत सुमारे ३०० माणसे मेली आणि लाखभर लोक उघड्यावर पडले. त्या राखेत १८६९ सालचा चुनखडी दगडाचा एक मनोरा मात्र उभा राहिला. हा पाण्याचा मनोरा. पंपाच्या धक्क्यांनी पाण्याचा दाब कमीजास्त होई. तो सावरणारा उंच नळ याच्या पोटात होता. पुढे त्या नळाचे काम संपले, पण आगीतून वाचलेल्या शहराची खूण म्हणून लोकांनी मनोरा जपला.

दुसरी वास्तू वापराने वाचली. १८३६ च्या सुमारास हेन्री क्लार्क या व्यापाऱ्याने बांधलेले लाकडी घर हे शिकागोतील अत्यंत जुन्या घरांपैकी एक. आगीच्या पुढच्याच वर्षी नव्या मालकाने ते अख्खे उचलून सुमारे तीन मैल दक्षिणेस नेले. १९४१ साली ते कृष्णवर्णीयांच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या हाती आले. तिने ते राबते ठेवले. छपराखाली माणसे वावरत होती, म्हणूनच ते घर पडीक झाले नाही. १९७७ साली नगरपालिकेने ते विकत घेतले आणि पुन्हा मूळ जागेच्या आसपास आणले. वाटेत उंचावरून जाणारा लोहमार्ग होता. घर त्याच्याही वर चढवावे लागले. आणि डिसेंबरच्या थंडीत उचलयंत्रे गोठल्यामुळे ते काही दिवस तसेच अधांतरी राहिले!

तिसऱ्या वास्तूला ना दैव लाभले, ना वापर. अॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांनी १८९४ साली पूर्ण केलेली शेअरबाजाराची इमारत मालकांना परवडेनाशी झाली. स्मारकांसाठी १९६८ साली शहराने कायदा केला होता. स्मारक आयोगाने शिफारसही केली. पण नगरसभेने ती मानली नाही, आणि इमारत पाडावयास घेतली. रिचर्ड निकेल नावाचा छायाचित्रकार सलिव्हनच्या इमारती पडताना त्यांची चित्रे घेई आणि नक्षीचे तुकडे वाचवून ठेवी. एप्रिल १९७२ मध्ये असेच काही वाचवीत असता तो या पडत्या इमारतीत गाडला गेला. त्याचा देह सापडण्यास चार आठवडे लागले.

कायदा नव्हता म्हणून ही इमारत गेली, असे म्हणता येत नाही. कायदा होता, तो लावण्याचे बळ नव्हते. ज्या वास्तूंचे कोणी वालीच नसते, त्या केवळ कौतुकाने वाचत नाहीत. क्लार्कच्या घराला नित्य राबता मिळाला. शेअरबाजाराला शेवटी शोक तेवढा मिळाला. तो शोक मात्र अगदीच वाया गेला नाही. हा लढा चालू असतानाच, १९७१ साली, इलिनॉय राज्यातील वास्तूंसाठी झगडणारी एक नागरिकांची संस्था उभी राहिली होती.

त्या इमारतीची कमान आणि व्यवहाराचे दालन शिल्लक आहे. दालन पुन्हा जुळविले गेले ते आर्ट इन्स्टिट्यूटमध्येच. कमान बाहेर उभी आहे. तिच्यातून आत गेले तर मागे इमारत नाही. जपणूक उशिरा सुरू झाली की हाती काय उरते, ते तेथे पाहावयास मिळते.