असईनंतर वेल्सलीने काय लिहिलं?

“मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायती पलटणी उभ्या केल्या, तिथेच घात झाला.” हे तुम्हीही ऐकलं असेल. प्रबंध लिहिताना मी इथेच अडलो, कारण असंच मत शत्रूच्या सेनापतीचंही होतं.

२३ सप्टेंबर १८०३. असईची लढाई आर्थर वेल्सलीने जिंकली खरी, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. आपल्या पत्रात त्याने कबूलच केलं, की इंग्रजांचं सोडलं तर शिंद्यांच्या इतकं चांगलं पायदळ आपण हिंदुस्थानात पाहिलं नाही. टिपूचंही त्यापुढे फिकं. हाती लागलेल्या नव्वदहून जास्त तोफांचंही कौतुकच.

आणि नोव्हेंबरात तोच लिहितो, की युरोपियनांच्या नादी न लागता मराठे नुसत्या घोडदळावर लढले असते, तर आम्हाला जास्त जड गेले असते!

मग खरं कुठलं? माझ्या मते दोन्ही. फक्त प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्या पत्रात मुद्दा असा होता, की मराठ्यांना पायदळ बाळगायला बंदी घालावी का? वेल्सली म्हणतो, गरज काय? तोफा आणि पायदळ असलं की शत्रू गाठता येतो, मोडता येतो. म्हणजे ‘गाठायला सोपं’, ‘लढायला कच्चं’ नव्हे. आपण मात्र पहिलं वाचून दुसरं धरून बसलो.

असईत शिंद्यांच्या गोलंदाजांवरून इंग्रजांची फळी पुढे गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेतलेले काहीजण उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला. स्वस्थ उभं होतं ते बहुतांश घोडदळ.