वर्गात प्रश्न कोणी विचारायचा?

१९९९ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. शेजारचा अकरावीतला मुलगा भौतिकशास्त्राची वही घेऊन माझ्याकडे आला. तो शिकायला दुसऱ्या गावी होता. उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचं एक गणित त्याला अडलं होतं. मी वही उघडली आणि चमकलोच. मजकूर माझा होता! 'आता आपण असे समजू की' ही माझी लाडकी सुरुवातसुद्धा जशीच्या तशी होती. चौकशी केल्यावर कळलं की, त्याच्या मॅडम माझ्या जुन्या विद्यार्थिनी. नोकरीची सुरुवातीची आठ वर्षं मी ज्युनिअर कॉलेजला होतो. तेव्हा मी सांगितलेल्या नोट्स त्या आता पुढच्या पिढीला सांगत होत्या.

खरं तर माझी छाती फुगायला हवी होती. पण त्याच पानावर एक चूक होती. ठोकळ्याला उतरणीच्या दिशेनं ओढणारं बल लिहिताना 'साइन'च्या जागी 'कॉसाइन' पडलं होतं. शेवटचं उत्तर बरोबर, मधली पायरी चूक. घरातली जुनी फाइल काढून पाहिली, तर ती चूक माझ्याच हस्ताक्षरात होती. आठ वर्षं मी ती सांगत होतो आणि पोरं मान खाली घालून लिहून घेत होती.

चूक किती ढोबळ होती पाहा. ती पायरी खरी मानली तर उतरण जितकी कमी, तितका ओढणारा जोर जास्त. म्हणजे सपाट टेबलावर ठेवलेलं पुस्तक आपल्या सगळ्या वजनानिशी आपसूक घसरत जायला हवं. 'सर, टेबलावर काय होईल?' एवढंच कोणी विचारलं असतं तरी भागलं असतं. आठ वर्षांत ते कोणी विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नाही. तेव्हापासून मला एका गोष्टीचं कुतूहल लागलं. वर्गात एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी लिहून घ्यायचं, ही पद्धत आली कुठून? आणि ती मोडायचा प्रयत्न कोणी, कधी केला?

इंग्रजी 'लेक्चर' या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ आहे 'वाचन'. युरोपातली जुनी विद्यापीठं उभी राहिली तेव्हा छापखाना नव्हता. गुटेनबर्गचा छापखाना आला पंधराव्या शतकाच्या मध्याला. तोवर पुस्तकं हातानं उतरवलेली आणि महाग. म्हणून गुरूनं ग्रंथ समोर ठेवून वाचायचा, जागोजाग अर्थ सांगायचा आणि शिष्यांनी ऐकायचं. चौदाव्या शतकातलं बोलोन्याच्या विद्यापीठातल्या एका तासाचं चित्र प्रसिद्ध आहे. लॉरेंटियस दे वोल्तोलिना नावाच्या चित्रकारानं ते काढलं आहे. उंच आसनावर गुरुजी बसले आहेत, पुढच्या बाकांवर पुस्तकं उघडलेली आहेत आणि मागच्या बाकांवर? एक जण चक्क डोकं टेकून झोपला आहे, दोघं-तिघं गप्पा मारताहेत. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा तो शेवटचा बाक पाहून मला माझ्याच वर्गात गेल्यासारखं वाटलं.

मात्र त्या विद्यापीठांत नुसतं वाचन नव्हतं. त्याच्या जोडीला वादसभा असे. एकानं पक्ष मांडायचा, दुसऱ्यानं आक्षेप घ्यायचे, गुरूनं शेवटी निवाडा द्यायचा. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही जोडी आपल्याकडच्या शास्त्रीपंडितांनाही परकी नव्हती. पुढे पुस्तकं छापून स्वस्त झाली. तेव्हा खरं तर वाचन बंद होऊन वाद टिकायला हवा होता. झालं उलटंच.

आपल्याकडे इंग्रजी विद्या आली तेव्हा आरंभी तरी चित्र वेगळं होतं. कोलकात्याच्या हिंदू कॉलेजात १८२६ साली हेन्री डिरोझिओ हा अवघ्या सतरा वर्षांचा शिक्षक आला. तो विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला लावी. रूढी असोत की देवधर्म, कशावरही. १८२८ मध्ये त्यानं वादविवादासाठी एक मंडळी काढली. शहरातल्या प्रतिष्ठितांना ते मानवलं नाही. १८३१ च्या एप्रिलमध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो पटकीनं गेला. वय बावीस.

मुंबईचं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनानं विद्यार्थ्यांची एक साहित्य-विज्ञान सभा निघाली. दादाभाई नवरोजी तिच्या धुरीणांपैकी एक. विद्यार्थ्यांनी निबंध वाचायचे आणि त्यावर चर्चा करायची. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा या तिच्या शाखा झाल्या. गंमत अशी की, स्त्रीशिक्षणावर नुसती चर्चा करून ही मुलं थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच तिथं शिकवलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं वर्गाबाहेर चालत होतं.

मग १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठानं परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, शिकवायचं कॉलेजांनी. शिकवणारा एक आणि पेपर काढणारा दुसराच, अशी व्यवस्था झाल्यावर वर्गात प्रश्न विचारून वेळ कोण घालवणार? पेपरात काय येईल ते सांगा म्हणजे झालं. आमच्या नोट्सची कुळकथा माझ्या मते इथं सुरू होते.

आता अमेरिकेत जाऊ. १८७० साली हार्वर्डच्या कायदा विद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल हे नवे डीन आले. तोवर कायद्याचे प्राध्यापक पुस्तकातले नियम समजावून सांगत आणि विद्यार्थी ते टिपून घेत. लँगडेल वर्गात आले आणि त्यांनी सरळ एका विद्यार्थ्याला 'पेन विरुद्ध केव्ह' या खटल्याची हकिगत सांगायला लावली. इंग्लंडमधला १७८९ चा हा खटला लिलावाचा. बोली लावलेल्या माणसानं हातोडा पडायच्या आत ती मागे घेतली. त्याला ते करता येतं का? न्यायालयानं सांगितलं, येतं. हातोडा पडेपर्यंत बोली हा नुसता प्रस्ताव असतो. लँगडेल हे सांगून मोकळे झाले नाहीत. ते विचारत राहिले. हा निकाल तुला पटतो का, का पटतो, दुसऱ्याला काय वाटतं?

विद्यार्थी वैतागले. शेजारच्या पोराला काय वाटतं हे ऐकायला आम्ही फी भरली आहे का, कायदा काय आहे तो सांगा, अशी त्यांची तक्रार होती. वर्ग रिकामा होऊ लागला, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. पण अध्यक्ष एलियट त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि काही दशकांतच ही खटल्यांची पद्धत अमेरिकेतल्या बहुतेक कायदा विद्यालयांत रूढ झाली.

मला मात्र लँगडेलांच्या पद्धतीत एक खोट दिसते. प्रश्न एकालाच. तो उभा राहून घामाघूम होतो आणि बाकीचे शंभर जण आपली पाळी येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात. भीतीनंही माणूस शिकतो, नाही असं नाही. पण भीतीनं तो गप्पही बसतो. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी चुकीबद्दल पत्र लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं, 'सर, मला तेव्हाच शंका आली होती. पण वर्गात विचारायचं धाडस झालं नाही. मग वाटलं, सरांनी सांगितलंय म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार.' एवढं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

त्याच सुमारास एका उजळणी वर्गात मला एरिक मझूर यांचं पुस्तक मिळालं. मझूर मूळचे डच, हार्वर्डला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९८४ पासून ते डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत होते. विद्यार्थी त्यांच्या शिकवण्यावर खूश होते, पेपरही बरे लिहीत होते. १९९० मध्ये मझूर यांच्या वाचनात हालून आणि हेस्टेनिस या दोघांचं संशोधन आलं. पदवीची मुलं गणितं सोडवतात, पण बल म्हणजे काय हे त्यांना कळलेलं नसतं, असं त्यात म्हटलं होतं. आमच्याकडे हे होणं शक्य नाही, असं वाटून मझूर यांनी तीच चाचणी आपल्या वर्गाला दिली. प्रश्न साधे, आकडेमोड नाही. एका मुलीनं विचारलं, 'सर, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला एरवी वाटतं तशी लिहू?' या एका प्रश्नातच निकाल आला होता. आणि निकाल वाईट होता.

आपण इथं एसटीचं उदाहरण घेऊ. एसटी आणि स्कूटर यांची समोरासमोर टक्कर झाली. जास्त जोर कोणी कोणावर लावला? न्यूटनचा तिसरा नियम कोणत्याही मुलाला विचारा, तो झोपेतही म्हणेल, क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात. आणि लगेच सांगेल, एसटीनं स्कूटरवर जास्त जोर लावला! दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून येतात. खरं असं की, जोर दोघांवर सारखाच. पण स्कूटरचं वस्तुमान कमी, म्हणून तेवढ्याच जोरानं तिचा वेग कितीतरी जास्त बदलतो आणि तिचा चुराडा होतो. परिणामातला फरक मुलं जोरातला फरक समजतात.

मझूर उत्तर समजावून सांगायला लागले. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, फळा भरला, पण चेहरे कोरेच. निम्म्या मुलांचं उत्तर बरोबर होतं हे त्यांना माहीत होतं. शेवटी नाइलाजानं ते म्हणाले, शेजाऱ्याशी बोला. वर्गात एकच गलका झाला. आणि दोन-तीन मिनिटांत मुलांचं आपसात जमलं! कारण ज्या मुलाला गोष्ट नुकतीच कळलेली असते, त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्याला ते आठवत नाही. आम्हा मास्तरांचा हा दोष कोणत्याही प्रशिक्षणानं पूर्ण जात नाही.

त्यातून त्यांनी १९९१ पासून एक रीत बसवली. थोडं शिकवायचं, मग पर्यायांचा एक प्रश्न द्यायचा. प्रत्येकानं आधी एकट्यानं, न बोलता विचार करून उत्तर नोंदवायचं. बरोबर उत्तरं साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असतील तर शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. फारच कमी असतील तर पुन्हा शिकवायचं, फार जास्त असतील तर पुढे जायचं. यात यंत्राचं महत्त्व नाही, हात वर करूनही चालतं. महत्त्व आहे ते आधी उत्तर नोंदवण्याला. एकदा मत दिलं की माणूस त्या उत्तरात गुंततो. लँगडेलांच्या वर्गात एक जण अडकायचा, इथं सगळेच अडकतात, म्हणून कोणीच उघडा पडत नाही.

हे नुसतं हौसेचं काम नव्हतं. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये बासष्ट अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सुधारणेला जेवढी जागा होती, त्यातली नुसत्या व्याख्यानांनी सरासरी २३ टक्के भरून निघाली आणि मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. २०१४ मध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान आणि गणित शाखांतले २२५ अभ्यास तपासले. नुसती व्याख्यानं ऐकणाऱ्यांत नापास होण्याचं प्रमाण जवळपास ३४ टक्के होतं, दुसऱ्या वर्गांत २२ टक्क्यांच्या आसपास.

मी हे वाचून २००० च्या जूनमध्ये प्रथम वर्ष बी.एस्सी.ला प्रयोग सुरू केला. यंत्रं कुठून आणणार? लग्नपत्रिका जमवल्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर अ, ब, क, ड लिहिलं आणि प्रत्येकाला चार-चार कार्डं दिली. एसटी-स्कूटरचा प्रश्न पहिल्याच दिवशी टाकला. ऐंशीपैकी बावीस जण बरोबर. नियमाप्रमाणे पुन्हा शिकवायला हवं होतं, पण मला राहवलं नाही आणि मी म्हटलं, बोला शेजाऱ्याशी. कोणी हललं नाही. आपण बोललो तर सर ओरडतील, ही भीती पहिलीपासून मुरलेली. शेवटी मी स्वतःच वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, तेव्हा कुठे आवाज सुरू झाला. आणि इतका झाला की प्राचार्य पाहायला आले. मी व्हरांड्यात आणि वर्गात गोंधळ, हे दृश्य त्यांना समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली.

सत्राअखेर पाच-सहा मुलं येऊन म्हणाली, 'सर, तुम्ही शिकवत नाही, आम्हालाच विचारता. नोट्स कधी देणार?' मी खट्टू झालो. आता वाटतं, होण्याचं कारण नव्हतं. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच एक अभ्यास झाला. तिथंही स्वतः डोकं चालवावं लागलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकताना सगळं समजल्याचा भास होतो. स्वतः झगडताना न समजल्याचा. लँगडेलांच्या पोरांची आणि माझ्या पोरांची तक्रार एकच होती, हे मला फार उशिरा कळलं. नोट्स मी दिल्या, पण सत्र संपल्यावर, आणि त्या पानावर 'साइन' लिहून.

निवृत्त झालो तेव्हा कार्डांचा गठ्ठा कपाटात होता. एका तरुण सहकारी मॅडमनी तो मागून घेतला. कडा फाटल्या होत्या, काहींवर कोणाकोणाच्या लग्नाच्या तारखा अजून वाचता येत होत्या. 'ड'ची कार्डं मात्र बरीच कमी निघाली. ती त्यांनी नवी करून घेतली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)